नळीतले डाग

वासंती अष्टपुत्रे कुंकू लावायच्या ते चांगलं रुपयाएवढं. बंगळूरच्या विद्यारण्यपुरातल्या त्यांच्या इमारतीत यावरून बरीच कुजबुज झाली, कारण त्यांचे यजमान शरच्चंद्र जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटी तळमजल्यावरच्या एका बाईंनी धीर करून विचारलंच, "अक्का, अजून लावता?" वासंतीबाई घेवडा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवरा होता तेव्हा कारखान्याच्या दारात रोज पुसत होते. पुसायचं तेवढं पुसून झालं माझं. आता लावणार." बाई आल्या पावली परतल्या. न परतून करतील काय!

हे पुसण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं, त्याशिवाय ही बाई कळायची नाही. वासंतीबाई मूळच्या मिरजेच्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्या, शरच्चंद्रांशी लग्न होऊन बंगळूरला आल्या आणि एका सरकारी कारखान्यात लागल्या. तिथं सैन्यासाठी अंधारात बघायच्या दुर्बिणी बनत. दुर्बिणीचा जीव म्हणजे आतली काचेची नळी, मुठीत मावेल एवढी. कितीही अंधार असला तरी थोडा उजेड कुठूनतरी झिरपत असतोच. तो पकडायचा आणि हजारो पटींनी वाढवून डोळ्यापुढं ठेवायचा, हे त्या नळीचं काम. आणि ती नळी बनवताना आत धुळीचा एक कण जरी शिरला, तरी तो जन्मभराचा काळा डाग होऊन बसतो. बिचाऱ्या शिपायानं समोर शत्रू बघायचा की डाग?

म्हणून त्या बंद खोलीत हवासुद्धा गाळून सोडत. तिथं पावडर नाही, गजरा नाही, बांगड्या नाहीत आणि कुंकू तर मुळीच नाही. वासंतीबाई रोज सकाळी दाराशी ओल्या कापसानं कपाळ पुसत, पांढरा झगा चढवत, आणि मग डोळ्यांखेरीज त्यांचं काही दिसत नसे. संध्याकाळी बाहेर आल्या की लॉकरमधला करंडा काढून पुन्हा कुंकू लावत आणि कारखान्याची बस पकडत. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. "सवाष्ण बाई दिवसभर भुंड्या कपाळानं वावरते, शोभतं का हे?" शरच्चंद्र पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "आई, माझं काही बिघडलंय का? उलट वजनच वाढतंय." आणि घरात हशा पिकायचा.

वासंतीबाईंचं काम नळ्या तपासायचं होतं. काळ्याकुट्ट खोलीत बसायचं, नळी डोळ्याला लावायची, समोरचा रेघांचा तक्ता बघायचा आणि डाग शोधायचे. नळीतल्या दृश्याची एकात एक अशी तीन वर्तुळं धरत. आतल्या वर्तुळात एकही चालत नाही, मधल्यात एखादा बारीक, बाहेरच्यात थोडे जास्त. काळा डाग एकवेळ माफ, पण चमकता ठिपका दिसला की नळी सरळ बाद. डाग नळीचा की समोरच्या तक्त्यावरचा, हे ओळखायची युक्तीही साधी होती. नळी हातातल्या हातात फिरवायची. डाग बरोबर फिरला तर दोष नळीचा, जागेवर राहिला तर तो बाहेरचा.

घरी यातलं अवाक्षर बोलायची परवानगी नव्हती. शरच्चंद्रांना ते ठाऊक होतं, तरी चहाच्या वेळी न चुकता विचारायचे, "काय पाहिलंस आज?"

"डाग," वासंतीबाई सांगायच्या.

"धन्य आहे. माझी बायको सैन्याला डोळे पुरवते आणि स्वतः डाग बघून घरी येते." हे रोजचं होतं. एखाद्या दिवशी त्यांनी विचारलं नाही तर वासंतीबाईंना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पण त्या चेष्टेत एक सल होता, आणि तो दोघांनाही माहीत होता. इतक्या नळ्या हातांखालून गेल्या, पण वासंतीबाईंनी त्यातून खरी रात्र कधी पाहिलीच नव्हती. चाचणीसाठी दुर्बिणी वाळवंटात जात, डोंगरात जात, आणि बरोबर साहेबलोक जात. एकदा त्यांनी धाडस करून विचारलं होतं. साहेब गोड हसले होते. "मॅडम, तिथं लेडीजसाठी सोय नाही." गाडी चालवणारा महांतेश मात्र दर खेपेला जायचा. परत आला की वासंतीबाई त्याला गाठायच्या. "काय दिसलं रे?" महांतेश डोकं खाजवून सांगायचा, "एल्ला हसिरु, अक्का." सगळं हिरवं. बास, एवढंच. ज्याला दिसलं त्याला सांगता येत नव्हतं आणि जिला सांगता आलं असतं तिला दिसलं नव्हतं, काय म्हणावं याला!

चौतीस वर्षांची नोकरी अशी संपली. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, भाषणं झाली. वासंतीबाईंनी शेवटची नळी तपासून जागेवर ठेवली आणि घरी आल्या. त्या कारखान्यातून त्यांनी कधी एक स्क्रू घरी आणला नव्हता, तेव्हा नळी कुठून आणणार?

आणि मग गेल्या कार्तिकात एका रविवारी सकाळी ध्रुव आला.

ध्रुव म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा, पुण्याच्या अलकाचा मुलगा. व्हाइटफील्डमध्ये आयटीत आहे, पोरगा गुणी, फक्त जिभेला आणि हौसेला लगाम नाही. वर्षभरापूर्वी त्याला शिकारीचं वेड लागलं होतं. आपल्याकडे शिकारीला बंदी, म्हणून हा परदेशात जायचा. त्याच्या कंपनीचा एक हंगेरियन क्लायंट होता, इश्तवान नावाचा. त्याच्या गावाकडं रानडुकरं मक्याची शेतं उद्ध्वस्त करतात, तिथं रात्री मचाणावर बसून त्यांना मारायची रीतसर परवानगी मिळते. ध्रुव एकदा जाऊन आला होता, आता दुसऱ्यांदा निघाला होता. वासंतीबाईंनी पहिल्या वेळीच आपलं मत स्वच्छ सांगितलं होतं. "मेल्या, घरात झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतोस, आणि डुकरं मारायला सातासमुद्रापार जातोस?"

"मावशी, एक क्विक प्रश्न आहे," ध्रुव बूट काढता काढता म्हणाला. "हे केबिन बॅगेत ठेवू की चेक-इनमध्ये?" आणि त्यानं पाठपिशवीतून एक काळी डबी काढून टेबलावर ठेवली.

डबी उघडायच्या आधीच वासंतीबाईंना आत काय आहे ते कळलं. त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि ओल्या रुमालानं कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली बाई! आपण काय केलं ते त्यांना आरशात बघितल्यावर समजलं.

बाहेर येऊन बघतात तो ध्रुवनं डबीतल्या दुर्बिणीचं पुढचं झाकण काढलेलं, वर ट्यूबलाइट लख्ख पेटलेली आणि याचं बोट बटणावर.

"ठेव ते खाली!" त्या अशा ओरडल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "उजेडात उघडतात का ते? जाळून टाकशील नळी!"

"सॉरी, सॉरी! मला काय माहीत?"

"कुणाची आहे ही?"

"इश्तवानची. मागच्या महिन्यात तो इथं आला होता ना, तेव्हा त्याच्या बॅगेत तशीच राहिली होती. जाताना सामान जास्त झालं म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, येताना घेऊन ये."

वासंतीबाईंनी ती दुर्बीण हातात घेतली. वजन ओळखीचं होतं. त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "थांब, कॉफी टाकते."

स्वयंपाकघरात दूध उतू जाईपर्यंत त्या नुसत्या उभ्या होत्या. त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. असली वस्तू म्हणजे काही चष्मा नव्हे. ती देशात आणायला परवाना लागतो, बाहेर न्यायला परवाना लागतो, आणि ज्या देशात बनली तिथलेही कायदे तिच्या मागं मागं फिरत असतात. त्या परक्या माणसानं अजाणता आणली आणि आता आपलं पोर विमानतळावर सापडणार. नोकरी, पासपोर्ट, सगळ्याचा चुथडा होणार. हे त्याला आत्ताच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की तो घाबरणार, तसाच उठणार आणि ती डबी कुणाच्यातरी स्वाधीन करून मोकळा होणार. आज नाही सांगितलं, उद्या सांगितलं तर? एक रात्र तर हवी होती. जन्मभर जे मागितलं नाही ते आपण होऊन टेबलावर येऊन बसलं होतं. त्यांनी ध्रुवच्या कपात दोनदा साखर घातली.

मग कप घेऊन बाहेर आल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"अगं, कॅमेऱ्यासारखंच आहे हे," ध्रुव म्हणाला. "इश्तवान दोनदा घेऊन फिरलाय. कुणी विचारलंसुद्धा नाही."

"कॅमेरा असता तर मला चौतीस वर्षं कपाळ पुसावं लागलं नसतं. त्याला कुणी विचारलं नाही, हे त्याचं नशीब. तुला विचारतील तेव्हा तू काय सांगणार? मित्राची आहे? सगळे तेच सांगतात."

ध्रुवचा चेहरा उतरला. त्यानं कंपनीच्या कायदा विभागातल्या प्रांजलीला फोन लावला. ती बहुधा झोपेतून उठली होती, पण दुर्बिणीचं ऐकून खाडकन जागी झाली. फोनवर तिचा आवाज वासंतीबाईंपर्यंत येत होता. बॅगेत घालू नकोस, कुरिअर करू नकोस, उद्या सकाळी माझ्या ताब्यात दे, आपण वकिलामार्फत रीतसर कळवू. ध्रुवनं फोन ठेवला आणि हुश्श केलं.

"सुटलो! शिकारीला काय, तिथं त्यांच्याकडे भाड्यानं मिळते दुर्बीण." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "मावशी, केवढी गोड केलीस!"

"ध्रुव," वासंतीबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी द्यायची ना?"

"हो."

"मग आजची संध्याकाळ आहे." बाई तोंडाची फटकळ, पण मागायची सवय नव्हती. "मला एकदा बघायचंय त्यातून. खऱ्या अंधारात. हे नियमात बसत नाही, मला कळतंय. पण मला बघायचंय रे."

ध्रुवनं कप खाली ठेवला. मावशीनं आपल्याकडे काहीतरी मागितलं, हे त्याच्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं. "मग चल की!" तो म्हणाला. "पण बंगळुरात अंधार कुठं मिळणार?"

प्रश्न बरोबर होता. या शहरात पाणी मिळेल, पार्किंगही मिळेल, अंधार मिळायचा नाही. वासंतीबाईंना महांतेश आठवला. निवृत्तीनंतर तो आनेकलपलीकडे आपल्या गावी नाचणीची शेती करत होता. शेताला लागून जंगल होतं, रानडुकरं येत, कधी हत्तीही येत, म्हणून तो पिकाच्या दिवसांत मचाणावर राखणीला बसे. फोन केला तर म्हणाला, "बन्नि अक्का, आजच या. अमावास्या जवळ आहे, मिट्ट काळोख असतो."

सगळ्यांच्या जेवणाचा डबा करून दोघं दुपारी निघाले. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे परगावी जाण्यासारखंच. हेब्बाळला अडकले, पुढच्या प्रत्येक सिग्नलला अडकले. वासंतीबाई डबी मांडीवर घेऊन देवघरातली मूर्ती सांभाळावी तशा बसल्या होत्या. ध्रुव बडबडत होता, त्या हूं हूं करत होत्या. आनेकल मागं पडलं तेव्हा सूर्य बुडाला होता आणि शेतावर पोचेपर्यंत सगळं काळं झालं होतं.

महांतेशच्या बायकोनं, गिरिजम्मानं, हातपाय धुवायला पाणी दिलं. बेसिनपाशी पुसलेलं कुंकू वासंतीबाईंनी सकाळपासून पुन्हा लावलंच नव्हतं. गिरिजम्मानं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि नजर वळवली. महांतेश हात जोडून म्हणाला, "अक्का, आज तुम्हीच बघायचं. मी सांगणार नाही काय दिसतं ते."

"तू सांगून दिवे लावलेस तेवढे पुरे," वासंतीबाई म्हणाल्या, आणि गुडघे दुखत असताना मचाणाची शिडी चढल्या.

वर तिघे दाटीवाटीनं बसले. खाली नाचणीचं शेत होतं म्हणे, पण दिसत काहीच नव्हतं. वासंतीबाईंनी डबी उघडली. झाकण काढलं, बटण दाबलं, आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

मावशी अगदी स्थिर बसली होती. दुर्बीण हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली, थांबली, परत आली. बराच वेळ गेला. मग त्यांनी ती खाली घेतली, झाकण लावलं आणि समाधानानं म्हणाल्या, "आतलं वर्तुळ स्वच्छ आहे. मधल्यात एक बारीक, बाहेरच्यात दोन. पास."

"काय पास?" ध्रुव म्हणाला.

"नळी."

"अगं, आणि डुकरं? खाली सळसळ वाजत होतं बघ. ती दिसली का?"

"कसली डुकरं?"

महांतेशच्या तोंडून हसू फुटलं. "अक्का, आत्ता बांधावरून गेली! आवाजावरून सांगतो, सात-आठ तरी असतील. पिल्लंही होती मागं. पायाखालून गेल्यासारखी गेली आणि तुम्ही त्यांच्याकडेच बघत होता!"

वासंतीबाई हसल्या नाहीत. हातातल्या दुर्बिणीकडे बघत बसल्या. रात्र समोर होती, डुकरं होती, पिल्लं होती, आणि आपण डाग मोजले. त्यांना एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं साहेबांना दोष दिला, सोय नाही म्हणणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि आज कुणीसुद्धा अडवलं नव्हतं तरी आपल्याला दिसलं नाही. नजरच तशी होऊन बसली होती. "मला बघताच येत नाही रे," त्या म्हणाल्या.

ध्रुव म्हणाला, "मावशी, डुकरं जाऊ देत. पुन्हा लाव. समोर नको बघूस, दुसरीकडे कुठंतरी बघ."

दुसरीकडे म्हणजे कुठं? समोर बघितलं की नजर पुन्हा डागांकडे जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मान मागं टाकली, दुर्बीण वर धरली आणि बटण दाबलं.

आणि त्या दचकल्या. पडदाभर चमकते ठिपके! एक नाही, दोन नाही, मोजताच येऊ नयेत इतके. आतल्या वर्तुळात, मधल्यात, बाहेरच्यात, जिकडं तिकडं ठिपकेच ठिपके. आत्ता तर नळी चांगली होती! सकाळी ट्यूबलाइटखाली या गाढवानं झाकण काढलं होतं, त्यानंच शेवटी घात केला की काय? "जळली," त्या पुटपुटल्या, आणि हातानं आपोआप, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, दुर्बीण फिरवली.

बाहेरच्या वर्तुळातले ते दोन ओळखीचे काळे डाग फिरले. चमकते ठिपके जागच्या जागी राहिले.

त्यांनी पुन्हा फिरवली, उलट बाजूनं. ठिपके हलले नाहीत.

"मावशी?" ध्रुवनं हळूच विचारलं. "काय पाहिलंस?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत, हा प्रश्न कुणाचा होता! वासंतीबाईंच्या ओठांवर रोजचं उत्तर आलंसुद्धा. पण आज ते चालणार नव्हतं. दुर्बिणीच्या काचेवर डोळ्यांतलं पाणी साचू लागलं, चांदण्या पसरट झाल्या, तरी त्यांनी डोळा काढला नाही.

"चांदण्या," त्या म्हणाल्या. "अरे, केवढ्या आहेत! यांतला एकही डाग नाही रे. एकही नाही. त्यांना सांगायला हवं होतं. रोज विचारायचे रे ते मला."

ध्रुवनं मावशीच्या पाठीवर हात ठेवला. महांतेश शेताकडे तोंड करून बसला आणि उगाचच पत्र्याचा डबा बडवू लागला.

पुरेसं बघून झाल्यावर त्यांनी दुर्बीण ध्रुवला दिली, मग महांतेशला, मग शिडीखाली उभ्या असलेल्या गिरिजम्माला वर बोलावून तिलाही. तिनं बघितलं आणि "अय्यो!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मग वासंतीबाईंनी पदरानं काच पुसली नाही, डबीतल्या मऊ कापडानं पुसली, झाकण लावलं आणि डबी ध्रुवच्या हातात दिली. "सकाळी त्या मुलीला नेऊन दे. आणि पुन्हा कुणाची वस्तू ठेवून घेऊ नकोस."

खाली उतरून, डबा खाऊन निघायची वेळ झाली. आपल्याकडे असते तशीच त्यांच्याकडेही रीत आहे, घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. गिरिजम्मा करंडा घेऊन दाराशी आली खरी, पण सकाळपासूनचं मोकळं कपाळ बघून घुटमळली, आणि करंडा पदराआड घेऊ लागली.

वासंतीबाईंनी कपाळ पुढं केलं.

"कुंकुम कोडम्मा, लाव गं," त्या म्हणाल्या. "शिफ्ट सुटली माझी."